जनरलचा उंबरा

४ ऑगस्ट २०१४

शिंगाल पडलं, काळे झेंडेवाले शहरात घुसले. म्हातारा सकाळपासून टीव्हीपुढून हलला नाही. ताक दिलं ते तसंच पडून. दुपारी एकदम म्हणाला, "गुले, माझा गणवेश कुठंय?"

म्हटलं, "डांबरगोळ्या घालून पेटीत. तुम्हालाही तिथंच ठेवायला हवं."

बहार – आमची सून – तोंड फिरवून हसली. म्हातारा हसला नाही.

चौऱ्याहत्तर वर्षांचा. गच्चीवर जाताना गुडघे वाजतात ते मला चुलीपाशी ऐकू येतात. आणि हा लढायला जाणार!

५ ऑगस्ट

रस्ताभर शिंगालची माणसं. पोरं अनवाणी. शाळेत उतरवलीत. बहार आणि मी दिवसभर तंदूरवर. हात भाजला.

६ ऑगस्ट

सादो आला. म्हाताऱ्याचा डोंगरावरचा सोबती. डोळा एकच, पण गावातलं काही सुटत नाही त्याच्यातून. दोघं द्राक्षाच्या मांडवाखाली बसले आणि जुन्या लढाया पुन्हा लढले. "आठवतं का मिस्तो, त्या खिंडीत आपण सातजण होतो." मागच्या खेपेला पाच होते. चहाच्या पेल्यागणिक माणूस वाढतो.

मला नाही आठवत असं थोडंच आहे? लग्न झालं आणि तिसऱ्या दिवशी हा सरकारशी लढायला डोंगरावर. खांद्यावर बापाची बंदूक. तेव्हा हुद्दे कसले? दहाजण ऐकतात तो दहांचा पुढारी, शंभर ऐकतात तो शंभरांचा. मी खेचरावर रोट्या लादून वर न्यायची. विमान आलं की खेचराला कड्याच्या आडोशाला ओढायचं आणि आपण त्याच्या पोटाखाली. धापा टाकत वर पोचावं, तर हे शंभरांचे पुढारी विचारणार – "कांदा आणलास का?"

पंच्याहत्तर साली लांबच्या कुठल्याशा शहरात इथल्या सरकारनं आणि आम्हाला बंदुका देणाऱ्या इराणनं हात मिळवले. इकडे आमचं सगळं संपलं. बंदुका टाकून इराणात चालत गेलो. तिथं हा वीटभट्टीवर. सुट्टी झाली की जमिनीवर खडे मांडून बसायचा. ही आपली खिंड, हा त्यांचा रणगाडा. मुकादम लाथेनं खडे उडवायचा, हा परत मांडायचा. लोक वेडा म्हणायचे. मला मात्र तेवढा देखणा तो पुन्हा कधी दिसला नाही.

७ ऑगस्ट

गणवेश काढला. एक्याण्णव साली लोक पुन्हा उठले, आमचं सरकार आलं, तेव्हा याला जनरल केलं. दुहोकच्या शिंप्याकडून शिवून घेतला. पहिल्यांदा घालून अंगणात उभा राहिला तर सासूबाई म्हणाल्या, "कोण हवंय तुम्हाला?"

आता पोटावर बटण लागत नाही. सरकवून लावून दिलं. का दिलं कोण जाणे.

८ ऑगस्ट

परवा गाडी निघणार. सगळे म्हातारे. सादो म्हणतो, "जनरल पुढच्या सीटवर." अंगणात पोरंटोरं जमली, म्हाताऱ्यानं भाषण ठोकलं. आवाज अजून खणखणीत आहे मेल्याचा.

मी आत बसले होते. मला तो पूल दिसत होता. आमचेच आमच्याशी लढले ते साल. अलीकडे याची माणसं, पलीकडे माझा भाऊ चेतो. सासूबाई काठी टेकत मधोमध गेल्या, डोक्यावरची पांढरी ओढणी काढली आणि टाकली. बाईची ओढणी मधे पडली की बंदूक खाली. ती ओलांडून जाणाऱ्याला आमच्यात कुणी पाणी देत नाही. यानं गोळीबार थांबवला. चेतो जगला.

वरच्यांनी विचारलं, जनरल म्हातारीच्या फडक्याला भ्याला काय? फौज काढून घेतली, कांबळ्यांच्या कोठारावर बसवलं. निवृत्त होईपर्यंत कांबळी. पण "तुझ्या भावापायी" असं एकदाही म्हणाला नाही मला.

१० ऑगस्ट

गाडी दारात आली. हा निघाला. मी ओढणी काढली आणि उंबऱ्यात टाकली.

सादो म्हणाला, "वहिनी, हे काय भलतंच? ओढणी दोन भांडणाऱ्यांच्या मधे टाकतात. इथं भांडतंय कोण?"

"मी. लग्न झाल्यापासून. तुझा कानही गेला का डोळ्याबरोबर?"

म्हातारा ओढणीकडे बघत राहिला. मग वळला आणि भिंतीशी गादीवर जाऊन बसला. गाडी गेली.

११ ऑगस्ट

बोलत नाही. ओढणी तिथंच. सगळे मागच्या दारानं येतात-जातात, बहार पाणी घेऊन शेळ्यांमधून वळसा घालते.

शाळेतली एक बाई रोट्या न्यायला आली. ओढणी दिसली तशी बाहेरच थांबली. "आत कुणाचं भांडण?"

सांगितलं. वाटलं, थुंकेल माझ्यावर. तिचा नवरा तिकडेच राहिलाय. ती रोट्या फडक्यात बांधत म्हणाली, "मला टाकायला वेळच मिळाला नाही."

१२ ऑगस्ट

अजून गणवेशातच. जेवत नाही. टीव्हीही लावत नाही. गावात म्हणतात, जनरलला बायकोनं कोंडलं. खरंच आहे. एका ओढणीनं त्याची फौज गेली, दुसरीनं मी त्याला मान खाली घालायला लावली. मरायचंच असेल तर उभ्यानं मरू दे त्याला. उद्या उचलते.

१३ ऑगस्ट

सकाळी उचलली. झटकली. म्हटलं, "जा. सादोला फोन लावते, गाडी पाठवेल."

म्हातारा मोकळ्या दाराकडे बघत बसला. मग बहारला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाला, "गुले, परत टाक."