बाटलीच्या बुडाचा ठिपका

अप्पा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमचा ठिपका दुकानात अजून चालू आहे. मुदत संपलेली औषधं कंपनीला परत पाठवायच्या खोक्यात टाकण्याआधी मी एकेक बाटली उलटी करते आणि बुडाला लाल नेलपॉलिश लावते. नेलपॉलिशची ती पहिली शिशी तुम्ही गड्ड्याच्या जत्रेतून आईसाठी आणली होती. आईनं चुलीपुढं बसून एकाच नखाला लावून पाहिलं, लाजली, आणि "भाकरी थापायच्या हाताला कशाला ही थेरं" म्हणत तुमच्या हातात परत दिली. दुसऱ्या दिवशी शिशी दुकानात आली. एकदा मी घाईघाईत लेबलावरच ठिपका दिला, तर केवढे ओरडलात! "लेबल निघतंय, बूड न्हाय निघत. ठिपका लागला म्हंजे ते औषध मेलं. चुकून बी कुणाच्या लेकराच्या पोटात जायला नगं." मी तेव्हा शाळेत होते. औषधाच्या दुकानदारानं इतकं भित्रं असू नये, असं मला वाटायचं.

यंदा वळसंगची एक बाई दुकानात आली. "ताई, सगळं औषध दिलं की. ताप हटंनाच." पोरगं सिव्हिलमध्ये होतं. तिनं पिशवीतून बाटली काढली, पावडरीत उकळून गार केलेलं पाणी घालून देतात ती. लेबल कोरं करकरीत, मुदत पुढच्या वर्षाची. मी सवयीनं बाटली उलटी केली. बुडाला आपला ठिपका. मीच मेलेली म्हणून परत पाठवलेली बाटली नवं लेबल लावून माझ्याच दुकानात आली होती, आणि मीच ती विकली होती. नव्या मालाचं बूड कोण बघतं? ती ज्या नव्या खोक्यातून विकली, त्यातल्या आणखी काही बाटल्यांना ठिपके निघाले. कंपनीनं तो माल जाळून टाकायचा असतो. जाळण्यापेक्षा लेबल स्वस्त पडत असणार. मी त्या बाईला ठिपका दाखवला, खरं ते सांगितलं, आणि म्हटलं, यापुढं कुठूनही औषध घेतलंस तरी आधी उलटं करून बघ. पोरगं वाचलं, अप्पा. हे मी आधी सांगायला हवं होतं.

होलसेलवाला म्हणाला, "गप बसा की ताई, समद्यांच्याच मालात असलं मिसळतंय." मी औषध खात्याकडं तक्रार केली. तपासाला आलेल्या साहेबांना बाटल्या दिल्या, एक मात्र ठेवून घेतली, आणि हे फक्त त्यांनाच सांगितलं. तेव्हापासून साहेब फोन उचलत नाहीत आणि होलसेलवाल्याकडं माझाच माल रोज 'शॉर्ट' असतो. फळ्या ओस पडल्यात. तुमच्या वेळेपासूनची शुगरची गिऱ्हाइकं आता समोरच्या दुकानात जातात, जाताना नजर चुकवतात. परवा कंपनीचा माणूस आला. कडक इस्त्री, गोड बोलणं. चहा घेतला आणि म्हणाला, "मॅडम, एक बाटली राहिलीय ना तुमच्याकडे?" ती दिली तर कंपनीची एजन्सी माझी, नाही दिली तर लायसन्सचं तुम्हीच बघा, असं सगळं हसत हसत. वर म्हणतो, "नेलपॉलिश काय, कुणीही लावू शकतं." मी विचारलं, "मग ती तुम्हाला कशाला हवीय?" त्यानं कप खाली ठेवला आणि सोमवारी येतो म्हणाला.

मी दमलेय, अप्पा. सगळ्यांना सांगत सुटते, अप्पा असते तर झुकले नसते. पण लहानपणी पाहिलेले, होलसेलवाल्यापुढं हात जोडून उभे राहिलेले तुम्ही मला दिसता. ती बाटली त्या माणसाला द्यायचं मी जवळजवळ ठरवलं होतं. फडताळातून काढून बाटली पिशवीत घातली सुद्धा. आज दुपारी ती बाई पुन्हा आली, पोराला कडेवर घेऊन. त्याला जरा खोकला झालाय. मी औषध तिच्या हातात दिलं, तर तिनं पहिल्यांदा ते उलटं केलं आणि बुडावरून बोट फिरवलं. बूड स्वच्छ होतं. "ह्ये चांगलं हाय न्हवं, ताई?" पोरगं बाटली धरायला हात पुढं करत होतं. ठिपका फक्त आपल्या दुकानात लावतात, अप्पा. बाकीच्या दुकानांतून परत गेलेल्या बाटल्यांची बुडं स्वच्छच असतात.

ती गेल्यावर मी पिशवीतली बाटली काढून परत फडताळात ठेवली. सोमवारी ती त्याला मिळणार नाही. हे पत्र तरी कुठल्या पत्त्यावर टाकू? तेही तिच्याशेजारीच ठेवते. तुम्हाला एवढंच सांगायचं होतं, की त्या बाईला मी "व्हय" म्हणाले. ते खरंच चांगलं होतं का, मला माहीत नव्हतं.