शेणखताचा हौदा

माय, तू असतीस तरी हा कागद तुला दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यावा लागला असता, आणि यातलं काही दुसऱ्यानं वाचावं असं मला वाटत नाही. तरी लिहितोय. आज सुट्टी आहे. शहरातल्या घरात दुपारची सगळी झोपलीत आणि मी स्वयंपाकघरात टेबलापाशी बसलोय. गेले काही आठवडे एकच गोष्ट मनात घोळतेय. भावाला सांगून झाली, बायकोला सांगून झाली, त्यांना त्यात विशेष काही दिसलं नाही.

उन्हाळ्यात रानात शेणखत टाकायचे दिवस आले की तू आणि गावातल्या बायका सकाळीच निघायच्या. आपलं रान थोडं, ते लवकर उरकायचं. मग दुसऱ्याच्या रानात. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर खतानं भरलेली टोपली, आणि उकिरड्यापासून वाफ्यापर्यंत दिवसभर येरझाऱ्या. संध्याकाळी तू चुलीपुढं बसायचीस, एका हातानं भाकरी उलटायचीस आणि दुसऱ्या हातानं मान दाबायचीस. मागून कुणी हाक मारली तर तुझी मान वळायची नाही, तू सगळीच्या सगळी वळायचीस. मला लहानपणी वाटायचं, सगळ्यांच्या आया अशाच वळतात.

आता आपल्या रानात भाऊ अद्रक लावतो. अद्रकीला खत लई लागतं आणि बेडांच्या, म्हणजे उंच वाफ्यांच्या, मधल्या सरीतून मोठा ट्रॅक्टर जात नाही. भावानं एक जुना छोटा ट्रॅक्टर घेतला होता. त्याचे मडगार्ड काढून आणि चाकं आत घेऊन आम्ही तो सरीत बसेल असा करून घेतला. पण खत न्यायचं कशात? भाऊ म्हणाला, "तू कंपनीत एवढ्या मोठ्या मशिनी जोडतो, आपल्याला एक हौदा करून दे ना. मागं बसणारा, उचलून खत ओतणारा." तो सहज बोलून गेला. मी मात्र त्या दिवसापासून कंपनीत जेवताना, बसमध्ये, कुठंही असलो तरी तोच हौदा मनात जोडत होतो.

भंगारातून चॅनल आणले, जुन्या पाण्याच्या टाकीचा पत्रा कापला, एका मोडीत निघालेल्या मशिनीचा जॅक मिळाला. दर सुट्टीला गावाकडं जायचो आणि गोठ्यामागं वेल्डिंग करत बसायचो. सीटच्या मागं हौदा, खाली जॅक, मागं फाळका, आणि ट्रॅक्टरच्याच हायड्रॉलिक ऑइलच्या दाबावर सगळं चालायचं. पहिल्यांदा भरून उचलला तेव्हा ट्रॅक्टरचं तोंडच वर उठलं. बिजागरी मी पार मागं लावली होती, त्यामुळं सगळं वजन मागच्या चाकांच्याही मागं गेलं. भाऊ पळत येऊन बॉनेटवर आडवा पडला आणि मी घाईघाईनं हौदा खाली घेतला. नंतर दोघं बांधावर बसून कितीतरी वेळ हसत होतो. मग बिजागरी पुढं घेतली, पुढच्या बाजूला लोखंडाचं वजन टांगलं. आणि एका सकाळी तो हौदा सावकाश वर गेला, फाळका उघडला, आणि खत बेडावर सरसर उतरलं.

त्या उन्हाळ्यात गावातल्या बायकांना बोलावणं गेलं नाही.

ते मला कळलंसुद्धा नाही, माय. कळलं ते मावशी रानात आली तेव्हा. तीच, जी आयुष्यभर तुझ्या बरोबरीनं टोपली वाहत होती. ती आली, हौद्याभोवती फिरली, पत्र्यावरून हात फिरवला.

"कोणी केलं रं हे?"

"मी केलं, मावशी."

"चांगलं केलं." ती बांधावर टेकली. "मंग आता आमचं काम नाय म्हण की."

मी म्हणालो, "मावशी, आता टोपली उचलायची गरजच नाय. मायची मान कशी झाली होती, आठवतं ना? तिच्यासाठीच बनवलं मी हे."

तिनं पदरानं मान पुसली. मग म्हणाली, "मान तर मपलीबी गेली. टोपलीची हौस कोणाला हाय? पर उन्हाळ्यात दुसरं काय असतं आमच्या हाताला?" आणि मग तिनं मला माहीत नसलेलं सांगितलं. शेवटी शेवटी तुला टोपली उचलवत नव्हती. तू तरी यायचीस. तेव्हा या बायका तुला उकिरड्यावर बसवायच्या, तू फावड्यानं नुसत्या टोपल्या भरून द्यायचीस, आणि तुझ्या वाटणीच्या खेपा त्या आपसात वाटून घ्यायच्या. रानाचा मालक आला की एक जण तुझ्या डोक्यावर रिकामी टोपली ठेवायची.

"तुला कामून सांगितलं नाय तिनं, काय माहीत," मावशी म्हणाली. "लाज वाटली असंल."

ती भांडायला आली नव्हती. उठताना एवढंच म्हणाली, "आधी सांगितलं असतं तर आमी दुसरीकडं शब्द टाकला असता."

मी भावाला सांगितलं. तो म्हणाला, "मंग काय, हौदा मोडायचा? ऐन कामात मागच्या साली दोन दिवस बाया भेटल्या नाय, ते इसरला का?" त्याचंही खोटं नव्हतं. शेवटी मी म्हणालो, निदान ट्रॅक्टर चालवायला मावशीच्या सुनेला ठेव. भावानं आधी उडवून लावलं. मग म्हणाला, बघू. ती पोरगी आली, पदर खोचून सीटवर बसली. मोकळ्या रानात मी तिला गिअर, ब्रेक दाखवले, हौद्याचा दांडा दाखवला. ती दोन सुट्ट्यांत शिकली. हौदा खाली घेताना दांडा असा अलगद सोडते की मला जमत नाही. मला बरं वाटलं. वाटलं, सुटलं सगळं.

मागच्या खेपेला गेलो तेव्हा ती हौदा धूत होती. मी विचारलं, "जमतंय ना?"

"जमतंय, भाऊजी. मला आवडतं." मग पाण्याचा पाइप तसाच हातात धरून म्हणाली, "पर पाण्याला गेले की बाया गप होत्यात. सासूबाईंनाबी बोलत नाय कोणी. म्हणत्यात, हिच्याच घरचं कसं भागलं."

म्हणजे मी एकीला काम दिलं आणि बाकीच्या जणींपासून तिला तोडलं. तुझा भार वाटून घेणाऱ्या बायका त्या, माय. त्या एकमेकींना सोडत नव्हत्या, म्हणून तू निभावलीस. आता त्यांची फळी माझ्या हातानं मोडली, आणि मी काही वाईट केलं असंही कुणी म्हणत नाही. गावातली पोरं हौद्याचे फोटो काढून नेतात. पलीकडच्या वस्तीवरचा एक जण तसाच करून मागतोय. मी अजून हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

परत येताना तालुक्याला, कन्नडच्या स्टँडबाहेर जीप उभी होती. मागं बायका दाटीवाटीनं बसलेल्या, कुठंतरी लांब कांदा काढायला निघालेल्या. त्यांत मावशी होती, या वयात. मला वाटलं ती तोंड फिरवील. तिनंच हाक मारली. "पोरं बरी हायेत ना रं? उन्हाचं गाडीवर नको फिरू." मी हो म्हणालो. जीप निघून गेली. तिनं रागानं दोन शब्द सुनावले असते तर मला सोपं गेलं असतं.

तू या सगळ्यात कुठं उभी राहिली असतीस, ते मी बरेच दिवस ठरवायला बघतोय. कधी वाटतं, हौदा बघून तू मान दाबत हसली असतीस. कधी वाटतं, तूही त्या जीपमध्ये असतीस आणि माझ्याशी असंच गोड बोलली असतीस. हा कागद घडी करून मी शर्टांच्या कप्प्यात ठेवणार आहे, पाठवायचा कुठं. फक्त एक सांगतो, कारण मावशीला ते सांगायचं धाडस मला होणार नाही. हौदा तुझ्यासाठी बनवला, असं मी तिला म्हणालो ते खरं नव्हतं. चॅनल कापताना, जॅक बसवताना, हौदा पहिल्यांदा नीट उचलला त्या सकाळी मी इतका खूश होतो की तू माझ्या मनात एकदाही आली नव्हतीस. तुझं नाव मी घेतलं ते मावशी समोर येऊन उभी राहिली तेव्हा.