पाय टेकायच्या फळीविषयी

मी, दीनानाथ भास्कर उकिडवे, वय त्र्याहत्तर, राहणार इंगोलश्टाट, हे पूर्ण शुद्धीत आणि स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्यावर कुणाचा दबाव नाही. दबाव आणायला माझ्याकडे येतंय कोण?

१. राहते घर आणि बँकेतील शिल्लक मुलगी ऋचा हिला. घर विकायचे तर खुशाल विकावे, पण "बाबांची फार आठवण येते" असे कुणाला सांगत बसू नये. ती राहते ते म्युनिक इथून तासाभरावर आहे. गेल्या वर्षी ती दोनदा आली.

२. तळघरातील हत्यारे ज्याला हवीत त्याने न्यावीत. गाड्यांच्या सीट बनवण्यात माझी एकतीस वर्षे गेली. त्यातले खरे माझे काम एकच, ते पुढे लिहितो.

३. तळघरात पट्ट्यांना टांगलेली एक पत्र्याची फळी आहे. सुरुंग फुटला की लष्करी गाडीचा तळ उसळतो आणि त्यावर टेकलेले पाय पिचतात. माझी फळी तळाला शिवत नाही, सीटला लटकते. जवानाने पाय तिच्यावर ठेवायचे, एवढेच. पुण्याजवळचा एक कारखानदार म्हणाला होता, पेटंट मिळू द्या, लगेच बनवायला घेतो. बहीण सुलेखा हिचा मुलगा क्षितिज तेव्हा नुकताच सैन्यात लागला होता. दर फोनला विचारायचा, "मामा, फळी कुठवर आली?"

पेटंट मिळाले नाही. अर्जाच्या दोन महिने आधी आमच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सव स्मरणिकेत फळीचे चित्र मापांसकट छापून आले होते, आणि स्मरणिका मंडळाच्या वेबसाइटवरही होती. आधीच जगाला दाखवलेली वस्तू इथल्या कायद्याने नवी राहत नाही. कारखानदाराने हात वर केले. दोन वर्षांनी क्षितिजची गाडी सुरुंगावर गेली. त्याचे दोन्ही पाय गुडघ्याखाली कापावे लागले.

४. स्मरणिकेचा संपादक श्रीधर मोघे. त्याने मला न विचारता चित्र छापले, असे मी सर्वांना सांगितले. सुलेखा अजून दर भाऊबीजेला फोनवर म्हणते, "दादा, त्या मेल्या श्रीधरचं कधी भलं होणार नाही." मी नुसता हुंकार भरतो.

चित्र मी स्वतः दिले. मापे घालण्याचा आग्रहही माझाच. मंडळात चार लोकांनी वाहवा करावी, एवढी हाव होती. नियम मला पाठ होता. पण मराठीत छापलेले इथे कोण वाचतो, असे वाटले. श्रीधरने आठ वर्षे शिव्या खाल्ल्या आणि तोंड उघडले नाही. त्याचाही मला रागच येतो.

५. फळी सुलेखाला. तिला तिचा काडीचा उपयोग नाही. पण ज्याला काही ठेवले असेल, त्याला इथले कोर्ट मृत्यूनंतर मृत्युपत्रातला त्याच्यासंबंधीचा मजकूर पाठवते. कलमे तीन, चार आणि पाच तिच्यासंबंधीची समजावीत. जिवंतपणी तिला सांगण्याची माझी छाती नाही.

इथे हाताने लिहिलेल्या मृत्युपत्राला साक्षीदार लागत नाही. तरी एकाला बोलावले. तो आला.

इंगोलश्टाट, १४ नोव्हेंबर २०२४
सही: दीनानाथ भास्कर उकिडवे

साक्षीदार: श्रीधर मोघे
वाचून सही केली. मी ऐकून घेतले ते घेतले. पण दीनानाथ, क्षितिजला हे कोर्टाच्या पाकिटातून कळू नये. मी फोन लावून देतो, तू बोल.

फोन लावू दिला नाही. कलम पाच कायम. दी. भा. उ.