मोटरीचा वॉशर

अहो,

होडीच्या मोटरीतून तेल गळतंय ते आप्पांमुळं नाही, माझ्यामुळं. तुम्ही पेपरवर मांडलेल्या सामानातला बारका वॉशर रांगत आलेल्या आरोहीच्या तोंडात सापडला. घाबरून मी तो कचऱ्यात टाकला, आणि आप्पांनी तेलाचा खालचा स्क्रू वॉशरविनाच बसवला. “दिसत न्हाय तर हात कशाला लावता, आप्पा?” असं तुम्ही ओरडलात, तेव्हा मी भाकरी थापत गप्प बसले. पोटच्या पोराचं बोलणं ऐकून ते त्याच दुपारी मंगळवेढ्याला वन्संकडे निघून गेले.

आरोहीला घेऊन मी त्यांना आणायला चाललेय. खरं काय ते मीच सांगेन. नवा वॉशर औषधाच्या डब्यात ठेवलाय. तुम्ही बसवू नका, त्यांच्याच हातानं बसू दे. तोवर होडी उजनी धरणात काढू नका.

वैदेही