हिच्या गिटारवरची रेघ

५ जानेवारी, सोमवार
हिला गाडीत बसवून आलो. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन, त्यामुळे महिनाभर ही तिकडेच. निघताना सूचना: झाडांना पाणी घाला, दूध उतू घालवू नका, माझ्या गिटारला हात लावू नका. शेवटची सूचना गाडी सुटताना दिली. ती मला नीट ऐकू आली नाही असं धरून चालायला हरकत नाही.
संकल्प: ८ फेब्रुवारीला लग्नाला पंचवीस वर्षं होतात. त्या दिवशी हिच्याच गिटारवर हिचं आवडतं गाणं वाजवून हिला चकित करायचं. भेट म्हणून घड्याळ काय, कुणीही देतो.

६ जानेवारी
कपाटावरून गिटार काढली. लग्नाआधी ही कॉलेजात वाजवायची. कन्या झाली आणि ते सगळं बंद पडलं. इतकी वर्षं पडून असूनही तारा मात्र चकचकीत. जुनी वस्तू ती जुनी वस्तू.
केसमध्ये एक ओलसर पुडी सापडली. लाकडाजवळ ओल! हिला वस्तू ठेवायची रीतच नाही. पुडी कचऱ्यात टाकली. गिटार कपाटावर गारठली असणार, म्हणून हॉलमध्ये हीटरशेजारी उभी केली. आता कशी सुखात दिसते.

९ जानेवारी, रात्री
दोन कॉर्ड आले. गाण्यात चार लागतात. उरलेले दोन गाळले तरी गाण्याचा गाभा शाबूत राहतो असं माझं मत आहे.
बोटांची पार सालटी निघाली. ऑफिसात रिपोर्ट टाइप होईना. साहेबांनी कारण विचारलं. कलाकाराची बोटं आहेत, असं म्हणणार होतो. कुकरचा चटका बसला म्हणालो.
खालच्या मजल्यावरचे आजोबा लिफ्टमध्ये भेटले. ताई कधी येणार, म्हणून विचारत होते. सात फेब्रुवारीला म्हटल्यावर चेहरा पडला. माझा रियाझ तोवरच चालणार हे त्यांच्या लक्षात आलं असावं. रसिक माणूस.

१४ जानेवारी, बुधवार
गिटारवर भोकाखाली एक बारीक रेघ दिसतेय. फडक्याने पुसली. जात नाही. डिझाइन असेल.

१५ जानेवारी
डिझाइन काल इतकं लांब नव्हतं. हॉलमधल्या ट्यूबलाइटचा दोष. चष्म्याचा नंबरही तपासायला हवा.

१७ जानेवारी, शनिवार
नख घातलं. नख आत गेलं. रेघ नाही, भेग आहे.
हॉस्टेलवर कन्येला फोन केला. आमच्या ऑफिसातल्या एकाच्या गिटारला तडा गेलाय, म्हणालो. तर म्हणे, "बाबा, आईची गिटार फोडलीत?" हल्लीच्या मुलांना वडिलांवर विश्वास नाही. मग तिनेच सांगितलं: हीटरने हवा कोरडी होते, लाकडातली ओल उडते, लाकूड आकसतं आणि चिरतं. म्हणूनच आई केसमध्ये पाण्याची पुडी ठेवते, ती आहे ना जागेवर?
आहे, म्हणालो. कचऱ्याची गाडी केव्हाच येऊन गेली होती.
वास्तविक ही माहिती पुडीवर मोठ्या अक्षरात छापायला हवी. कंपनीला पत्र लिहिणार.

१८ जानेवारी
कन्येचं म्हणणं, भेगेला काही करू नका, केसमध्ये थोडी ओल ठेवा, बंद करा आणि काही आठवडे वाट बघा. इंटरनेटवरही तेच. पण वाट बघत बसणारा माणूस मी नव्हे. लाकडाला पाणी हवंय ना? मग भरपूर देऊ.
गिटार बाथरूममध्ये टॉवेलच्या दांडीला टांगली, दार लावलं, गरम पाण्याचा शॉवर सोडला. तासाभराने काढली तेव्हा टवटवीत दिसत होती. आवाज मात्र रिकामा डबा बडवल्यासारखा येतो. सर्दी झाली असेल. उतरेल.

२० जानेवारी, मंगळवार
गोंद आणला. क्षणात चिकटतो असं ट्यूबवर लिहिलंय. खरंच चिकटतो. भेग भरली आणि माझं मधलं बोट गिटारला चिकटलं.
तेवढ्यात हिचा फोन. डाव्या हाताने उचलला. काय करताय, विचारलं. घरातच आहे, जरा अडकलोय, म्हणालो. जेवलात का, विचारलं. सासूबाई चार पावलं चालल्या म्हणे. फार आनंद झाला, जास्त बोलता आलं नाही. बोट कोमट पाण्याने सुटलं. गिटारचं थोडं वार्निशही सोबत आलं.

२१ जानेवारी
गोंद वाळून पांढरा उंचवटा झालाय. पॉलिश पेपरने घासला. उंचवटा तसाच आहे, शेजारचं पॉलिश गेलं.

२३ जानेवारी
मार्ग निघाला. कन्येच्या जुन्या खणात फुलपाखराचं स्टिकर सापडलं. नेमकं बसलं. मूळ गिटारपेक्षा छान दिसते, असं तटस्थपणे म्हणावं लागेल. आजोबा पुन्हा भेटले. "सुतारकाम कधी संपणार?" म्हणाले. कुणाच्या घरी चाललंय, मला तरी ऐकू येत नाही.

७ फेब्रुवारी, शनिवार
ही आली. दमलीये, वाळलीये. केस कपाटावर ठेवली आहे, आत गिटार. हिची नजर दोनदा तिकडे गेली. उद्या हॉलमधला दिवा बारीक ठेवायचा.

८ फेब्रुवारी, सायंकाळी
कार्यक्रम झाला.
हिला सोफ्यावर बसवलं, डोळे मिटायला सांगितलं, वाजवायला सुरुवात केली. पहिलं कडवं पूर्ण झालं. ही डोळे मिटूनच म्हणाली, "तारा जुळवून झाल्या का? करा आता सुरू."
मग डोळे उघडले. फुलपाखराकडे पाहिलं. नखाने स्टिकरचा कोपरा उचलला आणि सोलून काढलं. गोंदावरून बोट फिरवत राहिली. भांडली असती तर बरं झालं असतं. डोळ्यांत पाणी होतं. मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.
थोड्या वेळाने फक्त विचारलं, "पुडी कुठंय?" दर पंधरा दिवसांनी ती भिजवते म्हणे, इतकी वर्षं. वाजवत नाहीस तर एवढी उठाठेव कशाला, मी विचारलं. हिने केस पुसायला घेतली.

१० फेब्रुवारी
गिटार दुरुस्तीला दिली. दुकानदार म्हणाला, भेग किरकोळ होती, थोड्या ओलाव्याने आपली आपण मिटत आली असती. वेळ लागणार तो गोंद काढायला. हिने त्याला हे वाक्य पुन्हा एकदा म्हणायला लावलं. मी दुकानातल्या ढोलकांचं निरीक्षण करत होतो.

७ मार्च, शनिवार
गिटार परत आली. भेगेच्या जागी केसाएवढी खूण राहिली आहे. नवीन पुडीही आणली. ती मीच भिजवीन, असं मी जाहीर केलं. नको, असं हिने जाहीर केलं.

१२ मार्च, गुरुवार
डोकं दुखत होतं म्हणून दुपारीच ऑफिसातून निघालो. लिफ्ट बंद. जिना चढत होतो तर वरून गिटार ऐकू आली. कुणीतरी रेडिओ लावलाय असं वाटलं, इतकी सुंदर. आमच्या मजल्याखालच्या पायरीवर आजोबा उशी घेऊन बसले होते. मी किल्ली काढली तशी त्यांनी तोंडावर बोट ठेवलं.
आवाज आमच्या घरातून येत होता.
आजोबा हळूच म्हणाले, "रोज दुपारी असतं. किती वर्षं ऐकतोय. सुटीच्या दिवशी नसतं, तुम्ही घरी असता ना." मग सरकून त्यांनी मला अर्धी उशी दिली.
दुसऱ्या कडव्याला कळलं, हे तेच गाणं, जे मी महिनाभर वाजवलं होतं. चारही कॉर्ड होते.
पंचवीस वर्षांत मी हिला कधी वाजव म्हटल्याचं आठवत नाही. खूप आठवून पाहिलं. वाजवणं थांबलं, आत कपबशीचा आवाज झाला, तरी मी बसून होतो.
संकल्प: गुरुवारी ऑफिसातून लवकर निघायचं आणि घरात नेहमीच्याच वेळेला शिरायचं. मधला वेळ जिन्यात. स्वतःची उशी न्यायची. हा जमण्यासारखा आहे.