प्रोजेक्टरचा बल्ब आणि चष्मेवाली बाई

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. तुझी कंबर कशी आहे? भावजींचा खोकला थांबला का? इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत, निदान एकमेकांना तसं भासवत तरी आहोत.

सुट्टीत सगळे जमल्यावर बाबांच्या जुन्या प्रोजेक्टरला बल्ब आणून, तुझ्या पहिल्या पावलांचं ते घरात उरलेलं एकुलतं एक रीळ दाखवून घरच्यांना चकित करायचं, असं आपलं ठरलं होतं. (हे तू कुणाला बोलली नाहीस ना? नीट आठवून सांग.) कारण कोणीतरी माझ्या मागावर आहे. मागावर म्हणजे माझ्या पुढेच आहे. रेडिओ दुरुस्तीवाला म्हणाला, तसला शेवटचा बल्ब कालच एक चष्मेवाली बाई घेऊन गेली. जुन्या बाजारातला भंगारवाला म्हणाला, एक बाई सकाळीच येऊन गेली. फोटो स्टुडिओत मी धापा टाकत पोचलो, तर तिथेही तीच! घासाघीस न करता, बल्ब कापसात गुंडाळून नेला म्हणे. ताई, मी छापखान्यात वीस वर्षं मुद्रितं तपासतोय. एकच चूक तीनदा झाली की तिला चूक म्हणत नाहीत.

पहिला संशय अर्थातच बायकोवर. तिचं कपाट तपासताना तिनेच मला पकडलं. आता ती माझं कपाट तपासते. दुसरा संशय शेजारच्या गाण्याच्या बाईंवर, कारण त्यांना चष्मा आहे आणि त्या हल्ली माझ्याकडे बघून हसतात. (आधी हसत नव्हत्या.) परवा त्यांचा पाठलाग केला. त्या एका जिन्याने वर गेल्या, मीही गेलो, आणि वर्तमानपत्राआड तोंड लपवून बसलो. तो दातांचा दवाखाना निघाला. माझी पाळी आल्याचं कुणीतरी ओरडलं आणि बाईंसमोर शोभा नको म्हणून मी मुकाट्याने खुर्चीत जाऊन बसलो. डॉक्टरांनी मात्र दाढ खरंच किडली असल्याचं सांगून ती काढली. (यावरही माझा विश्वास नाही.)

संध्याकाळी गाल धरून आईकडे लवंग शोधत होतो. वरच्या फळीवरचा डबा उघडला, तर कापसात गुंडाळलेले तीन बल्ब! आपली आई, जी मिठाच्या पुडीलाही घासाघीस करते, तिच्यावर कोण संशय घेणार?

"हळू बोल, ते बाहेरच बसलेत," ती म्हणाली आणि चष्मा काढून पदराने पुसू लागली. दहा वर्षांपूर्वी रिकामं समजून तिने ते रीळ गॅलरीतला घेवड्याचा वेल बांधायला वापरलं होतं. लक्षात आलं तोवर उन्हापावसाने त्यावर काही उरलं नव्हतं. "त्यांचा जीव होता रे त्यात. बल्ब मिळाला की ते रीळ मागतील. मी काय तोंड दाखवू?" ताई, आईला रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं. दाढेचं विसरूनच गेलो.

बाकी सर्व ठीक. भावजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. : आपल्या समुद्रकिनाऱ्याच्या सहलीचं दुसरं रीळ तू लग्नानंतर सासरी नेलंस, असा माझा फार जुना संशय आहे. इतकी वर्षं बोललो नाही. नेलं असशील तर गुपचूप घेऊन ये, मी काही विचारणार नाही.

आणखी एक : पाकीट चिकटवताना बाबांनी हाक मारली. म्हणाले, "बल्बसाठी वणवण करू नकोस. जुना चांगला आहे, मीच काढून ठेवलाय. तुझ्या आईला सांगू नकोस." वेलाला काय बांधलंय ते त्यांनी तेव्हाच पाहिलं होतं आणि त्याच दिवशी बल्ब काढला होता. वर म्हणाले, "शेंगा मात्र त्या वर्षी भरपूर लागल्या होत्या."