पोचक्काबाईंचं पान

सिरोंचा, शुक्रवार, संध्याकाळ

आज इथल्या शाळेत भाषण झालं. नेहमीचंच. एकट्यानं नावेतून प्राणहिता नदीवर निघालो, नाव उलटली आणि निव्वळ जिद्दीच्या जोरावर पोहत काठ गाठला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. पुस्तकातही मी हेच लिहिलं आहे.

खरं म्हणजे मी बुडत होतो. मासे धरायला आलेल्या पोचक्काबाईंनी मला केसांना धरून डोंग्यात ओढलं. केसांना धरून! जिद्दीच्या गोष्टीत हे कसं बसणार? म्हणून गाळलं. की टाळ्या वाटून घ्यायच्या नव्हत्या?

भाषण संपलं आणि त्याच समोर आल्या. सोबत नववीतली नात, तिच्या हातात माझं पुस्तक. आता सगळ्यांसमोर खरं काय ते सांगणार, असं वाटलं.

"बरे हा ना भाऊ? त्या दिवशी लय पानी गेलतं तुमच्या पोटात," त्या मायेनं म्हणाल्या. मग पुस्तकावर बोट ठेवलं. "याच्यात मी कुठी हाय? मले वाचता येत नाई. नात म्हनते, अजून सापडली नाई."

मुख्याध्यापक शेजारीच उभे होते. तेव्हा तरी खरं बोलायला हवं होतं.

"पुढे आहे," मी म्हणालो.

का म्हणालो असं?

त्यांचा चेहरा फुलला. नातीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "पाह्य, मी म्हटलं नव्हतं काय? आता शेवटपर्यंत वाच."